चिमणीची कारणं

मुलुंडला आमच्या रस्त्यावरची सातवीण पुन्हा फुलली आहे. दिवाळीच्या आगेमागे हे झाड फुलतं आणि संध्याकाळी त्याचा वास इतका जड होतो की काही लोक खिडक्या लावून घेतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दर वर्षी फांद्या छाटायचा विषय निघतो. वर्मा आजोबा म्हणतात, डोकं दुखतं. सेक्रेटरी म्हणतात, महापालिकेची परवानगी लागेल. आणि तेवढ्यात फुलांचा हंगाम संपून जातो. माझं डोकं दुखत नाही. मला फक्त एका शाळेचा हॉल आठवतो. भिंतीकडे सरकवलेले बाक, खडूची धूळ, उघड्या खिडक्यांतून आत येणारा हाच वास, आणि त्या वासात रोज संध्याकाळी गाणारी दहा-बारा माणसं.

हौशी नाट्य स्पर्धेचा तो हंगाम. आमच्या भागात ही माणसं ओळखू येतात. दिवसभर बँकेत, कुरिअरच्या ऑफिसात, शाळेत नाही तर घरात राबून ती सात वाजता डबा खाऊन तालमीला येतात आणि घरी परत जाताना रस्त्यावर संवाद म्हणत जातात. मी साकीनाक्याला एका वर्कशॉपच्या ऑफिसात हिशेबाचं काम करत होते. गाणी लिहिते हे कुणीतरी अभयला सांगितलं. अभय बँकेत होता आणि आमचा दिग्दर्शक होता. त्यानं मला बोलावून घेतलं आणि म्हणाला, "संगीत नाटक करतोय. लहानपणच्या गोष्टींवर. पण मुलांसाठी नाही हां. तू फक्त गाणी लिही, बाकी मी बघतो."

नाटकाचं नाव होतं 'तात्पर्य'. त्यात एक मास्तर होता, तो प्रत्येक गोष्टीच्या शेवटी घंटा वाजवत यायचा आणि तात्पर्य गाऊन जायचा. पहिल्या गोष्टीनंतर त्याचा आवाज खणखणीत असायचा. मग गोष्टी अभयनं जसजशा वाकवल्या तसतसा मास्तर अडखळत जायचा, आणि शेवटी नुसता घंटा वाजवून उभा राहायचा. नावडत्या राणीची गोष्ट होती, पण गाणं आवडतीला दिलं होतं. ती महालात एकटी बसून राजाच्या पावलांचा अंदाज घेत गायची, कारण राणी नावडती कशी होते हे तिनं जवळून पाहिलं होतं. भोपळ्यात बसून जाणाऱ्या म्हातारीची गोष्ट होती. आमच्या नाटकात भोपळा ही लेकीनं काढलेली सोय होती. घरात जागा नाही, आईला घालवायचं तर आहे, आणि वाटेत वाघ आहे हेही ठाऊक आहे. म्हणून भोपळा. लेक तो मोठ्या प्रेमानं कोरते. हे दृश्य पहिल्यांदा बसलं तेव्हा हॉलमध्ये कुणी हसलं नाही.

आणि चिमणी-कावळ्याची गोष्ट.

ती गोष्ट मी बार्शीजवळच्या आमच्या गावात, दुसरीच्या वर्गात ऐकली. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो चिमणीच्या दाराशी येतो. चिमणी म्हणते थांब, बाळाचं करते. मग पुन्हा थांब. शेवटी दार उघडते आणि गारठलेल्या कावळ्याला तापलेला तवा दाखवते, त्यावर बस म्हणते. आमच्या गुरुजींच्या गोष्टीत कावळा तव्यावर भाजून मरायचा. वर्ग हसायचा. गुरुजी फळ्यावर लिहायचे, आळशीपणाचं फळ.

मी हसले की नाही ते आठवत नाही. पण घरी आल्यावर मी भिंतीला हात लावून पाहिलेला आठवतो. आमचं घर शेणाचंच होतं. आई दर शनिवारी ते सारवायची, बोटांनी अर्धगोल काढत काढत मागे सरकायची, आणि ओल्या शेणाचा गार वास रात्रीपर्यंत घरभर असायचा. वडील आडत बाजारात हमाली करायचे; दुपारी येऊन त्या गार जमिनीवर पाठ टेकायचे. वर्गातल्या निम्म्या पोरांची घरं तशीच होती. तरी आम्ही सगळे गोष्टीत चिमणीच्याच घरात बसलो होतो, आतून दाराकडे बघत. मेण कुठं बघितलं होतं आम्ही? वीज गेल्यावर लावायच्या मेणबत्तीपुरतं.

हे मी पहिल्याच वाचनाला अभयला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तू बाहेर होतीस."

"मी बाहेर होते आणि मला ते कळलं नाही," मी म्हणाले.

"मग दुसरा अंक उन्हाळ्याचा करू," तो म्हणाला. "मेण वितळतं. चिमणी बाळाला घेऊन कावळ्याच्या घरी जाते. आपल्या नाटकात ते वाहून जात नाही, नुसतं गळतं. शेणाचं घर, गार. दार उघडं. पण आत कुणी नाही. ये म्हणायला कुणी उरलेलंच नाही. बस, पडदा."

मला तेव्हा फार समाधान वाटलं होतं. सरकारी शाळेत शिकून, आमच्या घरातली पहिली पदवी घेऊन मी मुंबईपर्यंत आले होते, आणि इथं कुणीतरी माझ्या आईच्या सारवलेल्या भिंतीला नाटकात जागा देत होतं. जुन्या गोष्टीतला अन्याय दुरुस्त करायचं काम आपण करतो आहोत असं वाटायचं. गोष्ट बदलणं इतकं सोपं नसतं, हे त्या हंगामात पुढं कळायचं होतं.

चिमणी करणार होती वैशालीताई. मूळची कुडाळकडची, सासरे गिरणीतले, गिरणी गेल्यावर भांडुपला एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्यात संसार. नवरा रिक्षाच्या सुट्या भागांच्या दुकानात, मुलगा दहावीला, सासरे बाहेरच्या खोलीत पलंगावर, उठणं-बसणं बंद. एवढ्यातून ती तालमीला यायची आणि कधीही उशीर करायची नाही. आवाज असा, की साधं बोलली तरी सूर लागलेला वाटायचा. संतोष नावाचा कुरिअरवाला कावळा करायचा. लांब हात, कावळ्यासारखीच मान तिरकी करून बघायची सवय. दोघांचं जमायचं. तो तिला म्हणायचा, "ताई, आज तरी लवकर उघड ना यार, गुडघे दुखतात." ती म्हणायची, "तू आधी अंघोळ करून ये, मग बघते."

दाराचं गाणं मी लिहिलं होतं. तीन वेळा कडी वाजते, तीन वेळा चिमणी आतून गाते.

थांब जरा काऊदादा, पाणी ठेवलंय तापत,
बाळ माझं इवलंसं, थंडीनं आहे कापत.

मला ते गाणं विनोदी व्हायला हवं होतं. चिमणी सबबी सांगते आहे हे प्रेक्षकांना दिसलं पाहिजे असं मी म्हणत होते. वैशालीताई ते तसं गायचीच नाही. ती घाईत असलेल्या बाईसारखी गायची, एक हात बाळावर, एक पातेल्यावर, कान दाराकडे. अभय सांगून थकला. "वैशाली, लबाड वाट गं थोडी." ती मान डोलवायची आणि पुन्हा तसंच गायची.

चहाच्या वेळी तिचा फोन वाजायचा. गावाहून तिचा धाकटा भाऊ, दिगंबर. आई-वडील गेलेले, लग्न झालेलं नाही, चार काजूची झाडं आणि जुनं घर सांभाळून राहणारा. गणपतीपासून त्याला गिळताना त्रास होत होता. आधी भाकरी अडकायची, मग भातही. तिकडच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, मुंबईला नेऊन दाखवा. मुंबईला म्हणजे ताईकडे. ती हॉलच्या पायऱ्यांवर उभी राहून बोलायची आणि बोलताना पार गावची होऊन जायची.

"दिग्या, आता नको रे. वन्सं बाळंतपणाक इली आसा. सव्वा महिनो जावंदे, मगे ये."

तिकडून तो काय म्हणायचा ते एकदा मला ऐकू आलं, फोनचा आवाज मोठा होता म्हणून. "होय गे ताय. माका काय घाई नाय."

नणंद खरंच बाळंतपणाला आली होती. माहेर तेच, दुसरी जागाच नव्हती. त्या खोलीत पलंगावर सासरे, खाली बाळंतीण आणि बाळ, स्वयंपाकघरात हे तिघं. मी एकदा तिच्याकडे गेले होते. दारात धुरी, दोरीवर दुपटी, गॅसवर बाळाच्या अंघोळीचं पाणी. वैशालीताई पदर खोचून, घामानं डबडबलेली, मला म्हणाली, "बस ना, बस," आणि आम्ही दोघींनी बसायला जागा शोधली आणि मग हसायला लागलो, कारण जागा नव्हती.

मी तिला म्हणाले, "ताई, माझ्या मावशीकडे घाटकोपरला ठेवूया त्याला. मावशी नाही म्हणणार नाही."

"तुझ्या मावशीकडे?" ती म्हणाली. "बहीण भांडुपला असताना भाऊ परक्याच्या घरी? गावात तोंड दाखवता येईल मला? आणि त्याला काय वाटेल?"

माझी मावशी मला आठवली. मी बारावीनंतर पत्र्याची पेटी घेऊन तिच्या दारात उभी राहिले तेव्हा घाटकोपरच्या टेकडीवरच्या त्या खोलीत आधीच पाच माणसं होती. मी येणार हे तिला कळवलेलंही नव्हतं. तिनं पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ये. झोपायचं कसं ते रात्री बघू." कॉलेज संपेपर्यंत मी ओट्याखाली पाय घालून झोपले. पदवीच्या दिवशी मी तिच्या पाया पडले तेव्हा ती म्हणाली, "बास गं, डाळ उतू चाललीय." माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं ते त्या 'ये'नं झालं. पण हेही खरं, की मावशीच्या घरात तेव्हा तान्हं बाळ नव्हतं आणि अंथरुणावर पडलेला म्हातारा नव्हता. तसं असतं तर ती काय म्हणाली असती, हा विचार मी त्या हंगामाआधी कधी केला नव्हता.

सव्वा महिना झाला. नणंद बाळाला घेऊन विरारला गेली. मग मुलाची पूर्वपरीक्षा आली. "पोराची परीक्षा तोंडार इली रे. एका खोलीत तो अभ्यास कसो करतलो? ती होवंदे." आणि पुन्हा, "होय गे ताय."

थंडी आली तसे आम्ही अंधेरीच्या एका स्टुडिओत जाऊन गाणी ध्वनिमुद्रित केली. वादक प्रयोगाला आणणं आम्हाला झेपणारं नव्हतं. म्हणून गाणी आवाजासकट ट्रॅकवर घ्यायची आणि रंगमंचावर नटांनी त्यावर गायचं, असं ठरलं. हौशी मंडळी असंच करतात. एकदा बटण दाबलं की ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. कडी कधी वाजणार, चिमणी कधी उत्तर देणार, सगळं ठरलेलं. वैशालीताईनं काचेच्या खोलीत एकाच दमात गाणं दिलं. बाहेर येऊन ती पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "गं, तुला माहीत आहे का, घशाचं दाखवायला कोणता दवाखाना चांगला?" मी परळच्या रुग्णालयाचं सांगितलं. तिनं नाव दोनदा म्हणून घेतलं.

पहिल्या फेरीचा प्रयोग बोरीवलीला होता, मुलाची परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. प्रयोग बरा झाला. भोपळ्याला लोक गप्प झाले, दाराच्या गाण्याला मात्र खळखळून हसले, वैशालीताई तसं गात नसतानाही. मी शेवटच्या रांगेच्या मागे उभी होते. माझ्यापासून चार खुर्च्या सोडून एक माणूस बसला होता, मांडीवर रेक्झिनची पिशवी, गळ्याला मफलर, गालांची हाडं वर आलेली. तोही हसत होता. हसताना मध्येच थांबून घशाला हात लावत होता.

प्रयोगानंतर तो विचारत विचारत मेकअपच्या खोलीपर्यंत आला तेव्हा मला कळलं की हा दिगंबर.

वैशालीताईच्या चोचीचा रंग अजून निघाला नव्हता. ती त्याला पाहून नुसती उभी राहिली. चार महिन्यांत माणूस किती कमी होऊ शकतो, हे फोनवर दिसत नाही.

"घर बंद होतां," तो म्हणाला. आवाज घोगरा, अर्धा. "शेजारणीन सांगल्यान, म्हाताऱ्याक आत निजवन सगळी नाटकाक गेलीत. म्हणान हय इलंय." मग भाच्याकडे वळून, "पेपर बरे गेले मा रे?" त्यानं तिकडे बसून परीक्षेच्या तारखेवर लक्ष ठेवलं होतं.

"कळवायचं तरी," वैशालीताई कशीबशी म्हणाली.

"परीक्षा संपली मा," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "तुझो आवाज आजून तसोच आसा गे. तो कावळो बरो हसयता." संतोष बाजूला पंख सोडवत उभा होता. तो पुढं होऊन दिगंबरच्या पाया पडला. का पडला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

परळला डॉक्टरांनी तपासून विचारलं, इतके दिवस कुठे होतात. हा प्रश्न ते बहुधा सगळ्यांनाच विचारत असतील. भाऊ म्हणाला, "गावी होतंय." होळीच्या आधी तो गेला. शेवटचे दिवस तो भांडुपच्या त्या खोलीतच होता, सासऱ्यांच्या पलंगाशेजारी जमिनीवर. जागा झाली होती. पलंग भिंतीला थोडा सरकवला, कपाट तिरकं केलं, एवढंच करावं लागलं.

मी भेटायला गेले तेव्हा ती तांदूळ निवडत बसली होती. मला काहीतरी बरं बोलायचं होतं. मी म्हणाले, "ताई, तुझा काय दोष? घरात बाळंतीण होती, परीक्षा होती."

"तेच तर," ती म्हणाली. तिनं ताट हलवलं, खडा वेचला. "सगळी कारणं खरी होती गं. एक जरी खोटं असतं ना, तर मी त्या एकालाच धरून रडले असते. पाणी खरंच तापत होतं. बाळ खरंच होतं." मग ताट बाजूला ठेवून, "तू ते गाणं लिहिलंस तेव्हा तुला वाटलं, ती सबबी सांगतेय. हो ना?"

मी हो म्हणाले.

त्यानंतर मी ती गोष्ट कुठल्याही बाजूनं सांगायला बसले की माझा मास्तर होतो. तोंड उघडतं आणि तात्पर्य येत नाही. आपण गोष्टी उलट्या करतो, आवडतीला गाणं देतो, कावळ्याला न्याय देतो, आणि आपलं मन मोठं झालं असं समजतो. पण जुनी गोष्ट असो की आमची नवी, चिमणीला आम्ही दोन्हींत लबाडच धरलं होतं. जुनीनं तिला हुशार म्हटलं, आम्ही निर्दय म्हटलं, फरक तेवढाच. ती लबाड असती तर गोष्ट किती सोपी असती. आपण तशा नाही म्हणून आपण सुटलो असतो. कधी कधी मला वाटतं, गुरुजींनाही हे ठाऊक असावं, म्हणून ते इतक्या घाईनं फळ्याकडे वळायचे.

वैशालीताई आता नाटकात काम करत नाही. रस्त्यात भेटली की मुलाच्या नोकरीचं बोलते, सासरे गेल्याचं सांगते, मावशी कशी आहे विचारते. तिनं शेवटचं काम केलं ते अंतिम फेरीच्या प्रयोगात, भावाचे दिवस झाल्यावर. आमची निवड झाली हे कळलं तेव्हा अभय तिच्या घरी गेला होता. "नको वाटत असेल तर सांग, मी ते गाणंच काढून टाकतो," तो म्हणाला.

"गाणं राहू दे," ती म्हणाली. "मी करेन."

त्या संध्याकाळी नाट्यगृह भरलेलं होतं. मी विंगेत होते, अभय ट्रॅक लावणाऱ्याच्या शेजारी. मधोमध एक लाकडी चौकट, तिला कडीचं दार. आत वैशालीताई, हातात कापडाचं बाळ. बाहेर संतोष, पंख ओले दिसावेत म्हणून चिकटवलेले. ट्रॅक सुरू झाला. पहिली कडी वाजली. तिनं बाळ खाली ठेवलं, सरळ चालत गेली आणि दार उघडलं.

तिच्याच आवाजात स्पीकरमधून गाणं सुरू झालं. थांब जरा काऊदादा.

तिचे ओठ मिटलेले होते. ती दार धरून उभी होती आणि तिचा आवाज वरून तिला न विचारता गात होता, पाणी ठेवलंय तापत. अभय म्हणाला, "बंद कर, बंद कर," पण ट्रॅक लावणारा मुलगा घाबरला आणि त्याला बटण सापडेना. संतोष तिच्याकडे बघत राहिला. ती त्याला काहीतरी म्हणाली. तिनं गळ्याशी लावलेल्या माईकवर हात ठेवला होता, म्हणून ते संतोषशिवाय फक्त विंगेत मला ऐकू आलं. ती म्हणाली, "ये रे आत."

संतोष उमदा नट होता, पण तीन महिने त्याचं अंग त्या ट्रॅकला बांधलेलं होतं. दुसऱ्या कडीची जागा आली आणि त्याचा हात आपोआप वर गेला. जिथं दार असायचं तिथं, तिच्या तोंडासमोर, त्यानं हवेत कडी वाजवली. लोक हसले. मग तिसरी कडी. पुन्हा तेच, आणि लोक आणखी मोठ्यानं हसले, त्यांना वाटलं गंमत अशीच बसवली आहे.

ती हलली नाही. गाणं संपेपर्यंत दार सताड उघडं धरून ती तशीच उभी होती, आणि तो बाहेर.